माठातल्या सिगारी

मी सिगार ओढते. हे वाक्य मी सोलापुरात कुणाहीसमोर म्हणू शकते, म्हटलेलंही आहे. ऐकणारा आधी हसतो, कारण त्याला ती गंमत वाटते. मग तो माझ्या पिकलेल्या केसांकडं आणि कपाळावरच्या टिकलीकडं बघतो आणि हसायचा थांबतो.

आमच्या घराला तंबाखू नवी नव्हती. शहराच्या पूर्व भागात, तेलुगू विणकरांच्या वस्तीत, दोन खोल्यांत मी वाढले. वडील यंत्रमागावर होते आणि अम्मा घरी विड्या वळायची. स्वयंपाक उरकला की मांडीवर सूप घेऊन ती दारात बसायची. पान कापायचं, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा. आमच्या अंथरुणांना, वेण्यांना, शाळेच्या दप्तरांना तोच वास. वडील विडी ओढायचे, मामा ओढायचे, गल्लीतले सगळे पुरुष ओढायचे. वळायच्या मात्र बायकांनी. त्यातल्या एकीनंही कधी ती ओठाला लावलेली मी पाहिली नाही. अम्मानं तर नाहीच. तरी छातीत खोकला तिच्याच होता.

मी बी.कॉम. झाले आणि एका टॉवेल कारखान्याच्या निर्यात विभागात लागले. बरीच वर्षं तिथं काढल्यावर तो विभाग मीच चालवत होते. एकदा परदेशातून एक खरेदीदार आला. महिनोन्‌महिने त्याच्याशी पत्रव्यवहार मी केला होता, रंगाचे नमुने मी पाठवले होते, भावाची घासाघीसही मीच केली होती. ऑर्डर पक्की झाली तसा त्यानं कातडी डबी उघडली आणि टेबलाभोवती सिगारी वाटायला सुरुवात केली. शेठना एक, शेठच्या भावाला एक, उत्पादनाच्या साहेबांना एक, जेमतेम महिन्यापूर्वी लागलेल्या इंजिनिअरलाही एक. माझ्या खुर्चीशी आल्यावर त्यानं हसून मान लववली आणि पुढं गेला.

मी हात पुढं केला. "माझी कुठंय?" असं त्याला इंग्रजीत विचारलं.

तो माणूस लाल झाला, माफी मागितली आणि माझ्या हातात एक नाही, दोन ठेवल्या. शेठ मोठ्यानं हसले. "मॅडम, घरी मिस्टरांना द्या. खूश होतील."

"ते तंबाखू मळून खातात शेठ. ह्या माझ्या आहेत."

खरं सांगते, तोपर्यंत सिगार ओढायचा विचार माझ्या मनात कधी आला नव्हता. पण ते वाक्य तोंडातून गेलं आणि माघार घ्यायची माझी सवय नाही.

अम्मा तेव्हा आमच्याकडंच राहायची. मी सिगार तिच्या हातात दिली. तिनं ती नाकाशी धरली, बोटांत फिरवली. "पान बरं हाय," म्हणाली. "कुणासाटी आणलीस?"

"माझ्यासाठी."

"एंदुकु?" तिनं तेलुगूत विचारलं. कशाला?

मी तिला टेबलाभोवती काय झालं ते सांगितलं. तिनं सिगार पुन्हा एकदा नाकाशी धरली. मग म्हणाली, "आमी जन्मभर दुसऱ्याच्या तोंडासाटी वळलो. तू वड. पण खोकला लागला तर माज्याकडं रडत यायचं न्हाय."

संध्याकाळी गच्चीवर गेले आणि विडीसारखा जोरात झुरका मारला. डोकं गरगरलं, घाम फुटला, पाण्याच्या टाकीला धरून बसले. पराभव झाला म्हणा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातून त्या खरेदीदाराला ई-मेल केला, हे ओढायचं कसं? त्यानं मनापासून लिहिलं. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडातच खेळवून सोडायचा. पेटवताना टोक ज्योतीच्या जरा वर धरून आधी नुसतं शेकायचं. मिनिटाला एखादाच झुरका. राख सारखी झटकायची नाही. आणि विझवायची म्हणून चिरडायची नाही, ठेवून दिली की ती आपली आपण विझते.

दुसरी सिगार मी चांगल्या दिवसासाठी राखून ठेवली, गोदरेजच्या कपाटात, साड्यांच्या घडीत. चांगला दिवस उजाडला मे महिन्यात, मुलगा इंजिनिअरिंगला पास झाला तेव्हा. बाहेर काढून टोक कापायला गेले तर पापडासारखी कडकन मोडली. भुगा साडीवर पडला.

सोलापूरचा उन्हाळा हा असा. लाकडी दारं आकसतात, ओठ फुटतात, दोरीवर टाकलेला टॉवेल पाठ वळवेपर्यंत वाळतो. सिगारीला दमट हवा लागते आणि फार उष्णता चालत नाही. आमच्याकडं दोन्ही उलटं. पुण्याच्या दुकानदारानं मला तेच ऐकवलं. तिथं मी पहिल्यांदा स्वतः विकत घ्यायला गेले होते. "साहेबांसाठी का?" त्यानं विचारलं. "नाही, माझ्यासाठी." तो जरा गडबडला, मग म्हणाला, "सोलापूरला ह्या टिकायच्या नाहीत हो मॅडम." त्या वाक्यानं मी हट्टाला पेटले.

आधी सुताराकडून सागवानी पेटी करून घेतली. देखणी झाली, पण सागाचा वास सिगारीत उतरला आणि ओढताना पॉलिश चाटल्यासारखं वाटायला लागलं. मग झाकणाला रबर असलेला, हवा न जाणारा प्लॅस्टिकचा डबा घेतला आणि सिगारींच्या रिकाम्या खोक्यांतल्या देवदाराच्या पातळ फळ्या त्यात अंथरल्या. ओलाव्यासाठी नळाच्या पाण्यात भिजवलेला स्पंज ठेवला. पंधरवड्यात सिगारींवर भाकरीला येते तशी पांढरी बुरशी. स्पंज फेकला. शेवटी ओलावा हवा तेवढाच धरून ठेवणाऱ्या तयार पुड्या मिळतात असं कळलं, त्या मागवल्या. आतला ओलावा दाखवणारा छोटा काटाही आणला. तो काटा खरं बोलतो का हे बघायची युक्ती मजेशीर आहे. बाटलीच्या टोपणात मीठ घ्यायचं, थेंबभर पाण्यानं ओलं करायचं आणि काट्यासोबत रात्रभर बंद डब्यात ठेवायचं. सकाळी काटा पंचाहत्तरावर असला तर बरोबर. माझा काटा चार घरं खोटं बोलत होता. तेवढं मी मनातच धरते.

ओलाव्याचं जमलं, उष्णता राहिली. एसी फक्त झोपायच्या खोलीत, तोही रात्रीपुरता. मी कुंभाराकडून रुंद तोंडाचा मोठा माठ आणला. उत्तरेच्या खोलीत शहाबादी फरशीवर परातीत वाळू ओतून तो त्यात बसवला. वाळू सकाळ-संध्याकाळ भिजवायची, माठाला बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळायचं आणि आत, कोरड्यात, तो बंद डबा. आमची कोरडी हवा इथं मात्र कामाला आली. बाहेर रस्त्याचं डांबर मऊ पडलेलं असतं आणि माठातल्या सिगारी बोटानं दाबल्या तर हलकेच दबून वर येतात. पुण्याच्या दुकानदाराला मी मुद्दाम एक नेऊन ओढायला दिली.

गर्वाचं घर खाली. एका वर्षी आठवडाभर गावाला गेलो, वाळू भिजवायला कुणी नव्हतं. परत येऊन डबा उघडला तर दोन सिगारींना टाचणीएवढी भोकं आणि खाली तांबूस पीठ. तंबाखूतला किडा. त्याची अंडी पानातच असतात, उष्णता वाढली की बाहेर येतो. त्या दोन टाकून दिल्या. बाकीच्या दुहेरी पिशवीत बांधून फ्रीजरमध्ये तीन-चार दिवस, मग एक दिवस फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, मग बाहेर. एकदम बाहेर काढल्या तर पान तडकतं. त्या दिवसांत नवऱ्यानं मटारासाठी फ्रीजर उघडला आणि ओरडला, "अगं, सीख कबाब कधी आणलेस?" कळल्यावर त्यानं मटारसुद्धा खाल्ला नाही.

तो माझ्या सिगारींच्या बाजूचा नव्हता, विरुद्धही नव्हता. विरोध होता दिरांचा. मुलासाठी स्थळ बघायला लागलो तेव्हा मुलीकडचे आमच्या घरी यायचे ठरले. आदल्या दिवशी दीर आले. गालात तंबाखूचा मावा होता. उत्तरेच्या खोलीत डोकावून म्हणाले, "वहिनी, ते मडकं उद्या तेवढं गच्चीवर ठेवा. लोकं इचारतील."

"विचारू देत की. सांगेन."

"आवो, घराण्याचं नाव हाय काय न्हाय? बाईमाणसानं असलं करावं व्हय?"

"भाऊजी, आधी थुंकून या," मी म्हटलं. "मग नावाचं बोलू."

ते खरंच खिडकीतून थुंकले. परत वळले तेव्हा आपण काय केलं हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण ते बाहेरच्या खोलीत जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आले. चहा झाला, घर बघायला उठले. मुलीच्या आत्यानं ओलं गोणपाट बघून विचारलं, "हे काय ओ, दही लावलंय काय?" दीर माझ्याकडं बघत होते. मुलगाही. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, ती मला दिसली. हो म्हटलं असतं तर संपलं असतं.

"सिगारी आहेत," मी म्हणाले. "मी ओढते. महिन्यातून दोनदा-तीनदा, गच्चीवर."

आत्या हसल्या. मग माझ्या नवऱ्याचा चेहरा बघून थांबल्या. मंडळी लवकरच उठली. तीन दिवसांनी निरोप आला, पत्रिका जुळत नाही. पत्रिका आधीच जुळली होती.

मुलगा माझ्याशी महिनाभर नीट बोलला नाही. "एक दिवस गप्प बसली असतीस तर काय बिघडलं असतं?" असं त्यानं एकदाच विचारलं. मी त्याला सांगितलं, एका दिवसासाठी लपवलं की पुढं रोज लपवायला लागतं, त्या मुलीपासून आणि तिच्या सगळ्या माणसांपासून. माझ्याच घरात मी चोर होऊन राहणार नाही. त्याला पटलं नाही. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. ती मुलगी मलाही आवडली होती. अम्मा त्या वेळी अंथरुणाला खिळलेली होती. तिच्या उशाशी जाऊन मी रडले. तिनं फक्त हात धरला. "गेली तर गेली," म्हणाली. "भाकर तर आपलीच खातो की आपण."

मुलाचं लग्न दोन वर्षांनी झालं, पुण्यात त्याच्याच कंपनीतल्या मुलीशी. लग्नाआधी तिला मी एकटीला बसवून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मला तो वास अजिबात सहन होत नाही. दम्याचा त्रास आहे मला." मी म्हटलं, तू आलीस की मी गच्चीवरसुद्धा ओढणार नाही. तो शब्द मी पाळते. तिची छाती तिची आहे. ती मला ओढू नका म्हणाली नाही आणि लपवा असंही म्हणाली नाही. पुण्यात घेतलेल्या सिगारींसाठी तिच्या फ्रीजरचा खालचा कप्पा तिनं स्वतःहून मला नेमून दिला आहे, एका अटीवर, पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहायचं.

डॉक्टर बंद करा म्हणतात. बरोबरच म्हणतात. तंबाखू काय करते हे मी अम्माच्या छातीत ऐकलेलं आहे, मला कुणी समजावून सांगायला नको. म्हणून कमी केल्या आहेत, आता महिन्याला एकच. हा हिशोब माझा आणि डॉक्टरांचा. त्यात भाऊजी नाहीत, शेठ नाहीत, शेजारी नाहीत.

गेल्या महिन्यात सोसायटीचे अध्यक्ष गच्चीवर आले. रविवार होता, ऊन कलतीला लागलेलं. मी खुर्ची टाकून बसले होते, शेजारी बिनदुधाची कॉफी. सिगार अर्ध्यावर आली की तिच्यात भाजक्या शेंगांची टरफलं आणि करपलेल्या गुळाची चव उतरते. नेमकी तीच वेळ.

"मॅडम, तक्रार आहे," ते म्हणाले.

"धुराची? वारा तर माळाकडं चाललाय."

"धुराची नाही ओ. समोरच्या बिल्डिंगीतल्या बायका बघतात म्हणे."

"आणि पाटील काका जिन्यात सिगारेट ओढतात त्याची तक्रार आली का?" असं मी नाव घेऊन विचारलं. खरं आडनाव वेगळं आहे, ते इथं देत नाही.

अध्यक्ष कठड्याकडं बघायला लागले. मी समोर पाहिलं. पलीकडच्या गच्चीवर दोघी दोरीवरचे वाळलेले कपडे काढत होत्या, आणि खरंच बघत होत्या. मी हात हलवला. एकीनं पटकन मान फिरवली. दुसरीनं चिमटे तोंडात धरूनच हात हलवला.

"तक्रारवाल्यांना सांगा, आधी जिन्याचं बघू," मी अध्यक्षांना म्हटलं. "मग गच्चीचं बघू."

ते खाली गेले. सिगार अजून बोटभर उरली होती. मी घाई केली नाही.