हिवाळ्यातला मांगूर

पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटं. मोहाडीतल्या भाड्याच्या घरामागे विमला मेश्राम सिमेंटच्या टाकीतले दोन मांगूर मासे ओल्या फडक्यात धरून पाण्याच्या कॅनमध्ये सोडतात. ओळखीसाठी पर कातरलेल्याला पाच दिवस संप्रेरकाचं इंजेक्शन दिलंय, दुसऱ्याला नुसतं मिठाच्या पाण्याचं.

१९८४ चा जानेवारी. विमलाबाई कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतात. नागपूरला पीएच.डी.साठी केलेल्या नोंदणीची मुदत मार्चअखेर संपते.

नराच्या वृषणात स्टेरॉइड घडवणारं एन्झाइम मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीच्या संप्रेरकावर चालतं का, हा त्यांचा प्रश्न. एन्झाइम काम करत असेल तर काचपट्टीवर पेशी निळ्या होतात.

पहिल्या वर्षी त्यांनी वृषण बर्फात घालून बसने नागपूरच्या प्रयोगशाळेत नेले. बर्फ वाटेतच विरघळला, एन्झाइम निकामी झालं आणि काचपट्ट्या कोऱ्या निघाल्या. मार्गदर्शक म्हणाले, विषय बदला. मांगूर हवेतही श्वास घेतो, म्हणून विमलाबाईंनी पुढच्या खेपेला दोन अख्खे मासेच जिवंत नेले. तो जुलै होता, माशांच्या विणीचा काळ. संप्रेरक न दिलेल्याची पीयूषिका ग्रंथीही जोरात होती, त्यामुळे दोन्ही काचपट्ट्या निळ्या. तुलनेला काही उरलं नाही. हिवाळ्यात ती ग्रंथी थंडावते, म्हणून त्या हिवाळ्यापर्यंत थांबल्या.

डिसेंबरात त्या सिहोऱ्याच्या बाजारात गोदावरीबाई ढिवरणीपुढे बसून मासे निवडू लागल्या.

"काहून वो बाई, नरच नर काढून राहिली? मासोळ्यायचं लगन लावतं का?"

"लावलं तं तुले बोलावतो. जित्तेच दे."

आज बसमध्ये कंडक्टरने कॅनवर टिचकी मारली. "दूध हाय का, म्याडम?"

"मासे."

"जित्ते?"

"मेले तं माह्या कामाचे नाही."

"मंग उभे कायले ठेवले? जागा द्या त्यायले!"

मागच्या बाकावर हशा पिकला. विमलाबाईंनी कॅन दोन पायांत घट्ट धरला.

दुपारी विद्यापीठात दोघांच्या वृषणांचे गोठवलेले काप रसायनात तासभर ठेवले. मिठाच्या पाण्याच्या माशाचा काप जवळजवळ रंगहीन राहिला. पर कातरलेल्याच्या कापात नलिकांच्या मधल्या पेशी गडद निळ्या झाल्या होत्या.

मार्गदर्शकांनी सूक्ष्मदर्शकातून दोनदा पाहिलं. "एका जोडीवर काही सिद्ध होत नाही. अजून तीन लागतील."

"तीन जोड्या टाकीत आहेत, सर."

"मार्चपर्यंत जमेल?"

"जमवते."

संध्याकाळच्या बसने त्या मोहाडीला परतल्या. उद्या पहाटे पाचला सहा माशांना पहिलं इंजेक्शन. साडेदहाला अकरावीचा तास.