आधी गूळ, मग निकाल

तात्यांच्या कोपरीच्या आतल्या खिशात कायम गुळाचा खडा असायचा, आणि एक वेळ सोडली तर त्यातला कणही त्यांनी स्वतः खाल्लेला मी पाहिला नाही. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळलेला, लिंबाएवढा, उन्हाळ्यात पाझरून कोपरीला डाग पाडणारा. लग्नाला जावोत, मयतीला जावोत, लेकीकडे निरवांगीला चार दिवस राहायला जावोत, खडा बरोबर. त्यांची बायको, आमच्या काकू, कोपरी धुताना करवादायच्या, "मुंग्यांचं वारूळ घिऊन हिंडतंय हे माणूस." तात्या हसायचे. भांडण कुठं गाठ पडंल सांगता येतंय व्हय, म्हणायचे.

पिंपळीच्या पुढं कालव्याला जी चारी फुटते, तिच्यावर आमची वस्ती. वीस-बावीस घरं आणि सगळ्यांची शेतं त्या एकाच चारीच्या पाण्यावर. कुणाची पाळी कधी, कुणी किती वेळ दारं धरायचं, कुणाचा बांध कुणाच्या हद्दीत गेला, हे सगळं तात्या ठरवायचे. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, कुणी निवडून दिलेलं नव्हतं. कागदावर ते कुणीच नव्हते. तरी त्यांचा निकाल झाला की माणसं गप घरी जायची.

त्याचं कारण तो गूळ. दोघं भांडत आले की तात्या आधी काही ऐकूनच घ्यायचे नाहीत. खडा काढायचे, दोन तुकडे करायचे आणि तळहात पुढं धरायचे. दोघांनी एकाच हातावरचा गूळ खायचा, गिळायचा, मग तोंड उघडायचं. निकाल काय लागणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक नसायचं, तात्यांनासुद्धा. मी एकदा विचारलं, निकालानंतर तोंड गोड केलं तर काय बिघडतं? म्हणाले, "निकाल ऐकून जिकलेला खातोय गं. हरणाऱ्यानं बी खाल्ला पायजे, म्हणून आधी."

मी त्यांच्या शेजारची. अक्षर बरं म्हणून निकालाची वही माझ्याकडे होती, आणि जीभ तिखट म्हणून गप्प बसवायचं कामही माझ्याकडेच होतं. निकाल द्यायच्या आधी तात्या चारी चालून यायचे, अनवाणी, पाण्यातून, आणि तेही खालून वर. मी मागोमाग, चपला हातात आणि साडी भिजलेली. "पानी बघायचं ते टेलाकडनं बघावं," म्हणायचे. टेल म्हणजे चारीचं शेवटचं टोक. वरच्याला वाटतंय सगळ्यांना पोचलं. पोचलं का न्हाय ते शेवटच्याला इचारा.

शेवटचं शेत सखूआक्कांचं. नवरा गेल्यावर एकटीनं डाळिंबाची बाग उभी केलेली बाई. एकदा त्यांनी थेट तात्यांवरच तक्रार आणली, की तुमच्या बांधानं माझ्या चारीचं तोंड आवळलंय. आता पंचाचा निकाल कोण लावणार? तात्यांनी खडा आक्कांच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "आज तुमी पंच." त्या एका दिवशी त्यांनी गूळ खाल्ला. आक्कांनी बांध दोन हात मागं घ्यायला सांगितला. तात्यांनी तिथंच कोपरी काढली, कुदळ मागवली आणि दुपारपर्यंत बांध मागं घेतला. काकूंनी आठ दिवस अबोला धरला होता.

मी तेव्हा बारामती एमआयडीसीत एका पॅकहाऊसमध्ये कागदपत्रं बघायची. डाळिंब परदेशी जायचं त्याचे दाखले, तपासणीचे अहवाल, सगळं माझ्या टेबलावरून जायचं. एका देशानं आमचं फळ बंदरावर अडवलं. त्या देशाचं नाव घेत नाही, घेऊन आता फरकही पडत नाही. फळात कीड आहे म्हणाले. कीड नव्हती, अहवाल मीच लावले होते. मग आपल्या सरकारनं व्यापार कराराखाली दाद मागितली आणि तीन पंच बसले. तीन पंच म्हटल्यावर तात्या सरसावून बसले.

"दोघांनी आधी गूळ खाल्लाय का?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मी सांगितलं, करार हाच गूळ, तात्या. पंच म्हणतील ते मानू, अशी दोघांची सही आहे. "निकालाच्या आधीची?" आधीची. "मग झालं," तात्या म्हणाले, आणि त्यांच्या लेखी खरंच झालं. त्यानंतर दीड वर्ष मी कामावरून आले की तात्या रस्त्यावर उभे. पंच चारी चालून आले का, एवढंच विचारायचे. मी थकलेली असले तरी सांगायची, चालतायत अजून.

निकाल आपल्या बाजूनं लागला. अडवणूक गैर आहे, माल येऊ द्या. तात्यांनी त्या दिवशी वस्तीभर गूळ वाटला, आणि इथंच त्यांची चूक झाली. तिला मी चूकच म्हणते, कारण तिचा वाटा माझ्याही पदरात आहे. आक्कांची बाग तेव्हा तोडणीला आलेली. इंदापूरचे बशीरभाई, आमच्या भागातलं डाळिंब वर्षानुवर्षं उचलणारा शहाणा माणूस, टेम्पो घेऊन दारात. म्हणाले, "आक्का, आजच तोडा. निकाल लागला म्हंजी गेट उघडलं असं नसतंय." आक्कांनी तात्यांकडं बघितलं. तात्यांनी माझ्याकडं. मी म्हणाले, निकाल तर लागलाय, आता परदेशी भाव मिळेल. तात्या म्हणाले, "थांबा चार दिस. गूळ खाल्लेला गडी हाय, कुठं जातोय?"

चार दिवसांचे तीन आठवडे झाले. मग त्या देशानं एक पत्रक काढलं. मोठं गुळगुळीत लिहिलेलं होतं, पण अर्थ एवढाच, की हा निकाल आम्ही मानत नाही. मी ते कामावरच वाचलं. आक्कांच्या बागेत तोवर फळं झाडावरच तडकायला लागली होती, आणि तडकलेल्या डाळिंबाला मुंग्यांशिवाय गिऱ्हाईक नसतं.

तात्यांना सांगितलं तेव्हा ते देवळाच्या पायरीवर बसले होते. बशीरभाई होते, वरच्या शेताचा दिगंबर शेंगा खात बसला होता. तात्यांना आधी कळेचना.

"न्हाय मानत म्हंजी? गूळ खाऊन न्हाय?"

"खाऊन नाही, तात्या."

"मग त्यांच्या वर कोण हाय?"

"अपिलासाठी वरचं बाक आहे. पण त्या बाकावर माणसंच नाहीत. एका बड्या देशानं बरीच वर्षं नेमूच दिली नाहीत. त्यामुळं अपील केलं की ते तिथंच पडून राहतं, आणि निकालही लटकतो."

मग बशीरभाई हळू आवाजात म्हणाले, "तात्या, राग मानू नगा. पर साखरंच्या सबसिडीचा निकाल आपल्या देशावर उलटा लागला तवा आपन बी अपील त्याच रिकाम्या बाकावर नेऊन ठिवलं. आपन हितं टाळ्याच पिटल्या हुत्या." खरं होतं ते. उसाच्या पट्ट्यातली माणसं आम्ही. मीही टाळी दिली होती. तात्यांनी वळून मला विचारलं, "व्हय गं?" मी मान हलवली. तात्या म्हणाले, "मला का न्हाय सांगितलं?" दिगंबरच्या शेंगा खायच्या थांबल्या होत्या. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. मी तेव्हा त्याच्याकडं लक्ष दिलं नाही, आणि आज त्याचंच मला राहूनराहून वाटतं.

आक्कांनी तडकलेली फळं स्वतः उचलून उकिरड्यावर टाकली. तात्यांना एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. तात्या रोज त्यांच्या बांधापर्यंत जायचे आणि परत फिरायचे.

कालव्याला उन्हाळी पाणी सुटलं तसा दिगंबरनं चारीत पाइप सोडला. आक्कांच्या पाळीच्या दिवशी त्याची मोटर चालू, आणि टेलाला नुसता ओला चिखल. पुढचा बहार धरलेली बाग, पाणी नाही मिळालं तर झाडंच जायची. तात्यांनी दोघांना चारीवर बोलावलं. सगळी वस्ती जमली. तात्यांनी खडा काढला, दोन तुकडे केले. आक्कांनी खाल्ला. दिगंबरनंही खाल्ला, हसतमुखानं, बोटंसुद्धा चाटली. मला तेव्हाच काहीतरी खटकलं. आजवर तात्यांच्या हातावरचा गूळ हसत कुणी खाल्ला नव्हता.

तात्या चारी चालून आले, खालून वर. पाइप काढायचा, आक्कांची बुडालेली पाळी आज द्यायची, असा निकाल दिला. मी वही उघडली.

"ल्ह्या, ल्ह्या," दिगंबर म्हणाला. "पर पाइप न्हाय निघायचा."

"गूळ खाल्लाय तू," तात्या म्हणाले.

"खाल्ला की. झ्याक हुता. तात्या, अख्खे देश सह्या करून निकाल मानत न्हाईत. मी कोन लागून गेलो? आन न्हाय मानला तर करनार काय तुमी?"

तो उद्धटपणे बोलला असता तर कुणीतरी अंगावर गेलं असतं. पण त्यानं खरंच विचारलं होतं. एवढी वर्षं हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता, म्हणून त्याचं उत्तरही कुणाजवळ नव्हतं. पन्नास माणसं उभी होती. मी, एरवी कुणाला दोन शब्द जास्त बोलू न देणारी, वहीचं पान बोटात धरून उभी राहिले. मोटर चालूच होती. तात्या खाली वाकले, पाण्यात हात धुतला आणि घरी गेले.

आक्कांची बाग त्या उन्हाळ्यात वाळली. त्या झाडं तोडून लेकाकडं निघून गेल्या, आणि टेलाचं शेत पडीक झालं. पुढच्या पाण्याला चारीत तीन पाइप होते, त्याच्या पुढच्याला नऊ. आता पाळीच्या दिवशी माणसं चारीवर कोयता घेऊन जातात. ऊस तोडायचाच कोयता तो, घरोघरी असतो, पण हल्ली त्याला धार लावल्याचा आवाज आला की बायका पोरांना आत घेतात. गेल्या हंगामात एकाचं डोकं फुटलं. पोलीस आले, विचारून गेले. कुणी काही पाहिलेलं नव्हतं.

तात्यांकडं मग कुणी आलं नाही. ते कोपरी घालायचे, खडा खिशात असायचा, आणि दिवसभर ओसरीवर बसून असायचे. शेवटच्या दुखण्यात त्यांनी मला बोलावून खडा माझ्या हातावर ठेवला. मला रडू फुटलं. मी म्हणाले, तात्या, याचा आता काय उपयोग? ते म्हणाले, "गुळात कवाच काय नव्हतं गं. माझ्यात बी नव्हतं. समद्यांनी धरलं हुतं म्हनून हुतं. एकानं हात सोडला तवा बाकीच्यांनी त्याला धरायला पायजे हुता." माझ्यावर बोट ठेवलं नाही त्यांनी. पण पन्नासांत मी होते. चौथ्या दिवशी तात्या गेले.

परवा दिगंबर माझ्या दारात आला. त्याच्या वर, अगदी कालव्याच्या तोंडाशी, त्याच्या चुलतभावानं दुप्पट ताकदीची मोटर बसवलीय. दिगंबरचा ऊस पिवळा पडलाय. "ताई, तुमी तात्यांसंगं बसायच्या," तो खाली बघत म्हणाला. "तुमी निकाल द्या. तुमी म्हनाल ते मी मानतो." माझ्या जिभेवर बरंच काही आलं होतं. पण आत गेले आणि तात्यांचा खडा घेऊन आले.

आम्ही चारीवर गेलो. चुलतभाऊ मोटरसायकलवर आला, उतरलाही नाही. मी दोन तुकडे केले आणि तळहात पुढं धरला. दिगंबरनं आपला तुकडा चटकन उचलून तोंडात टाकला, मी काही म्हणायच्या आत. दुसरा तुकडा हातावर तसाच राहिला.

चुलतभावानं त्याच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"मला शुगर हाय, ताई," तो म्हणाला, आणि त्यानं गाडीला किक मारली.

धुरळा बसेपर्यंत आम्ही दोघं उभे होतो. दिगंबरच्या तोंडात गूळ होता. त्याला तो थुंकताही येईना आणि गिळताही येईना.