हळदीचा डाग लाल झाला

टेबलावर नोट होती आणि मोबाइलमध्ये तिचाच फोटो. नंबर एकच. पण फोटोतला डाग पिवळा आणि टेबलावरचा लाल. भिंगातून तीनदा पाहिलं. डोकं चालेना.

बँकेतून रिटायर झाल्यापासून मी बिदरमध्ये जुन्या नोटा आणि स्टॅम्पपेपर तपासून ग्रेड देतो. ग्रेड म्हणजे कागदाची तब्येत: घड्या किती, कडा कशा, डाग आहे का. त्यावर भाव ठरतो. ही निजामाच्या काळातली नोट हुलसूरच्या शांताक्कांची. दर दिवाळीला पूजेत मांडून हळदीचं बोट लावलेली, म्हणून कोपऱ्यात डाग. बाकी नोट कडक. मोटरवालं शिलाई मशीन घ्यायचं म्हणून त्या ती विकत होत्या. फोटो पाहून मी फोनवर सांगितलं होतं, "व्हेरी फाइन आहे अक्का. डागामुळं भाव जरा कमी येईल, एवढंच." हैदराबादच्या डीलरलाही तसंच कळवून टाकलं होतं.

मग हा लाल रंग आला कुठून? शाई म्हणावी तर तशी दिसत नव्हती. नोट बदलली म्हणावं तर नंबर तोच. शांताक्का समोरच बसलेल्या.

"अक्का, कुंकू सांडलं का ह्याच्यावर?"

"न्हाई की अण्णा."

"मग लाल कामून झालंय?"

चहा घेऊन आलेली बायको वाकून बघत म्हणाली, "हळदीला साबण लागलाय. एवढंही कळंना व्हय?"

शांताक्कांनी मान खाली घातली. "तुम्हीच म्हणलाव की अण्णा, डागानं भाव कमी येतंय म्हणून. साबण लावून पाण्यातनं काढले. तर डाग जायचा सोडून लालच व्हायलाय."

इतका वेळ मी नुसता डागच बघत बसलो होतो. आता नोट उचलून हलवली. आवाजच नाही. कडक कागद चपातीसारखा मऊ पडला होता. अशा धुतलेल्या नोटेला आम्ही 'वॉश्ड' म्हणतो. डाग परवडला, हे नाही.

डीलरला फोन लावला.

"सर, नोट वॉश्ड आहे."

"परवा तर व्हेरी फाइन होती!"

"परवा धुतली नव्हती."

"मग ठेवा तुमच्याकडंच."

शांताक्कांनी हळूच विचारलं, "मशीनपुरतं तरी येतील का?"

"न्हाई अक्का."

मला फार वाईट वाटलं. कशानं भाव उतरतो ते मी फोनवर सांगितलं, हात लावू नका हे सांगायचं राहिलं. आता आधी तेच सांगतो, ग्रेड नंतर.