सहा पंखे आणि मागची खिडकी

बायको गेल्यावर तिसऱ्या महिन्यात तिचा कम्प्युटर दुपारी आपोआप बंद पडायला लागला. मे महिन्यात बाभुळगावात माणसंही दुपारी बंद पडतात, त्यामुळे आधी मी मनावर घेतलं नाही. पण त्यात तिचा आवाज होता. पुण्यातल्या नातीसाठी ती गोष्टी रेकॉर्ड करायची, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. हार्ड डिस्क म्हातारी. पेन ड्राइव्हवर उतरवायला घेतलं की रांगत चालायची आणि निम्म्यावर पडदा काळा.

यवतमाळच्या दुकानदाराच्या पाटीवर ‘कूलिंग तज्ज्ञ’ असं लिहिलेलं आहे. त्याने रंगीत दिव्यांचे सहा पंखे बसवले. म्हणाला, “सर, आता याले फ्रिजच समजा.” घरी आणल्यावर फ्रिज वरातीसारखा झगमगला आणि आधीपेक्षा लवकर बंद पडला.

मी कूलरसमोर घामाघूम बसलो होतो. मागची खिडकी बंद होती. बायको असताना कूलर लावायच्या आधी ती खिडकी उघडायची, आणि थंड हवा बाहेर सोडायला आपण बिल भरतो का, असं मी दर उन्हाळ्यात विचारायचो. ती म्हणायची, “आत घेतलेली हवा निघन कुठून? थोडं डोकं लावत जा.”

मी उठून खिडकी उघडली. मग तिच्या फोटोपुढे नातेवाइकांनी ठेवलेल्या पुड्यातली एक उदबत्ती पेटवून कम्प्युटरच्या डब्याभोवती फिरवली. समोरून, वरून, मागून, सगळीकडून धूर आतच ओढला जात होता. तज्ज्ञाने हवेला बाहेर पडायला वाटच ठेवली नव्हती.

शेजारीण दारात येऊन थांबली. “काकाजी, कम्प्युटरची आरती करून राह्यले का?”

“हवा बघतोय.”

“फोटोले तं कधी लावली नाही तुम्ही,” ती म्हणाली आणि गेली.

मागचा एक आणि वरचे दोन पंखे काढून मी उलटे बसवले. पुन्हा उदबत्ती धरली. धूर समोरून आत गेला, आणि थोड्या वेळाने मागून बारीक धार निघाली. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी ती धार खिडकीकडे गेलेली मला बघवली नाही.

संध्याकाळपर्यंत सगळ्या गोष्टी पेन ड्राइव्हवर उतरल्या. पहिलीच लावली तर तिच्या आवाजामागे जुन्या पंख्याची खरखर. मी डब्याला हात लावला. थंड होता, आवाज नव्हता. खरखर त्या दिवसाची होती.

राजकन्या विहिरीत उतरत असताना ती थांबली. “अहो, ते खिडकी उघडा ना. कम्प्युटर तापून राह्यला.”

पुढे बराच वेळ नुसती खरखर आहे. मग तिच्याच बांगड्या, आणि कडी काढल्याचा आवाज.

खिडकी उघडीच होती. तरी मी उठलो, ती लावली आणि पुन्हा उघडली.