नुसतं लोटलेलं दार

‘सदा, हे आतून ओ देत नाहीयेत,’ एवढंच काकू फोनवर म्हणाल्या. ग्वाल्हेरच्या सराफ्यात आमचं गलाईचं दुकान आहे, जुनं सोनं वितळवून शुद्ध करून द्यायचं. सोन्यानं भरलेली मूस भट्टीत होती. ती जोडीदाराच्या हवाली केली आणि निघालो. मी भाड्यानं राहतो ते काका-काकूंचं घर शिंदे की छावनीत, तिथे कसा पोचलो ते आठवत नाही. जिन्याखालच्या देवघरासमोर काकू उभ्या होत्या, हात पदरात गुंडाळलेले. दार फोडावं लागणार म्हणून मी खांदा पुढे केला, आणि हात लागताच ते उघडलं. कडी लावलेलीच नव्हती. ते नुसतं लोटलेलं होतं... जगदीशकाका भिंतीला टेकून बसले होते, मान एका बाजूला, समोर समई जळत होती. बाहेर शिलाई मशीनवर त्यांचे दोन्ही फोन थरथरत होते.

महिना उलटून गेला, तरी ते दार अजून माझ्या हाताला जाणवतं. काकूंनी बोट लावलं असतं तरी उघडलं असतं. पण काका देवापुढे बसलेले असताना ते दार कुणी ढकलत नसे. लग्न होऊन आल्यापासून काकूंनीही कधी ढकललं नव्हतं. काका एकटे बसताना कडी लावत नाहीत हे त्यांना माहीतच नव्हतं, कारण तशी वेळच आली नव्हती. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. मला तेव्हा देवाचा राग आला, आणि राग आला म्हणून भीतीही वाटली. ज्याच्यासाठी माणसानं सगळे आवाज दाराबाहेर ठेवले, त्यानं एक हाक तरी काकूंपर्यंत पोचवायची होती...

मी सांगली जिल्ह्यातला. आठवीत शाळा सुटली आणि गावातल्या इतर पोरांसारखा मीही गलाईच्या कामाला बाहेर पडलो. ग्वाल्हेरला कुणी ओळखीचं नव्हतं. खोली शोधत काकांच्या दारात गेलो, तर गावाचं नाव ऐकून त्यांनी खोली दाखवायच्या आधी जोतिबाच्या डोंगराचंच विचारायला सुरुवात केली. गुलालात पाय किती रुततात, सासनकाठी किती उंच असते, तू ती हाताला लावली आहेस का. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेबरोबर दख्खनेतून इकडे आले आणि येताना जोतिबाला घेऊन आले. काकांनी मात्र तो डोंगर कधी पाहिला नव्हता. पडाव भागातल्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात ते माल बुक करत. दोन फोन, एक ड्रायव्हरांचा, एक माल पाठवणाऱ्या पार्ट्यांचा, आणि दोन्ही दिवसभर किरकिरत. जाऊ, बोलावणं आलं की जाऊ, म्हणायचे.

काही साधुपुरुष नव्हते ते. क्रिकेट बघताना टीव्हीशी भांडत, कचोरी दिसली की शुगर विसरत. फक्त सकाळची ती वेळ त्यांनी कुणाला दिली नाही. एकदा एक व्यापारी घरासमोर गाडी लावून हॉर्न वाजवत बसला, त्याचा माल कुठे तरी अडकला होता. काकूंनी त्याला चहा दिला, तो त्यानं घेतला नाही, गल्ली गोळा केली. काका आपल्या वेळेला बाहेर आले, त्याची हात जोडून माफी मागितली आणि न जेवता दिवसभर त्याच्या मालामागे फिरले. त्याला म्हणाले, शिव्या पोचल्या भाईसाहब, पण तेव्हा मी घरी नव्हतो.

मलाही त्यांनी आत बोलावलं होतं. ‘देवापुढे खाली बसायचं, सदा,’ म्हणाले. मी आपला पाट सरकवून जमिनीवर बसलो, फोन मांडीवर. आई गावाकडे एकटी, तिला दम्याचा त्रास. फोन वाजला नाही तरी मी तो उलटा करून बघायचो. असे बरेच दिवस गेले. शेवटी काका हसायला लागले. ‘अरे, नीचे नाही, खाली! रिकामा! तू तर रोज भरलेला ट्रक घेऊन आत येतोस. माल बाहेर उतरव.’ त्यांच्या मराठीतलं खाली आणि माझ्या मराठीतलं खाली वेगळं आहे हे मला तेव्हा कळलं. मी म्हटलं, आईचा फोन आला तर? काकूंनी स्वयंपाकघरातून सांगितलं की त्या उचलतील. तेव्हापासून त्या तो उचलायच्या, आणि आईशी त्यांची माझ्यापेक्षा जास्त दोस्ती झाली. मला टायफॉइड झाला तेव्हा माझ्या उशाशी काका बसले आणि आईला रोजची खबर काकूंनी दिली. परक्या गावात माझं एवढं कुणी केलं नसतं. पण खाली बसणं मला जमलं नाही. फोन बाहेर राहिला तरी घोर माझ्याबरोबर आत यायचा.

त्यांचा मुलगा निखिल बंगलोरहून आला तो रडत नव्हता, नुसता चिडलेला होता. पप्पांजवळ फोन असता तर एक बटण दाबलं असतं, हेच परत परत. तेराव्यानंतर त्यानं एक छोटा कॅमेरा आणला. देव्हाऱ्याच्या वर लावायचा, म्हणजे मम्मी तिथे बसली की त्याला तिकडून दिसेल. मला भिंतीला भोक पाडायला सांगितलं. मी ड्रिल घेऊन उभा. खरं सांगतो, मलाही तो हवा होता. काका गेल्यापासून काकू त्या खोलीत शिरल्या की मी दाराबाहेरच घुटमळायचो.

‘निखिल, तू बघत असलास तर मी तुझ्याकडेच बघत बसेन,’ काकू म्हणाल्या.

‘और कुछ हो गया तो?’ तो म्हणाला. ‘मम्मी, परत कोणी हा दरवाज़ा उघडलाच नाही तर...’

मी ड्रिल खाली ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार सताड उघडं होतं आणि आतून जोतिबाचं नाव ऐकू येत होतं. काकू आजवर मनातल्या मनात नाव घेत. त्यांचे ओठसुद्धा हलत नसत. आता खड्या आवाजात, पार गल्लीपर्यंत. निखिल दात घासायचा थांबून जिन्यापाशी उभा राहिला. त्या बाहेर आल्या आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, ‘देवाला मनातलं पोचतं रे. मोठ्यानं घेते ते तुमच्यासाठी. आवाज थांबला तर या आत.’

निखिल परत गेला. कॅमेरा खोक्यातच आहे. दुकानाला जाण्याआधी मी जिन्याच्या पायरीवर बसतो. तेवढा वेळ माझ्या डोक्यात दुसरं काही नसतं, सोन्याचा भाव नाही, गावाकडचा घोर नाही, नुसता तो आवाज. ही भक्ती नव्हे, भीती आहे, एवढं मला कळतं. काका असते तर काय म्हणाले असते, ते विचारायची सोय राहिली नाही.

परवा काकू मधेच थांबल्या. मी उठलोच... आत भांड्याचा आवाज झाला, पाण्याचा घोट, थोडा खोकला. मग पुन्हा नाव. मी परत पायरीवर बसलो.