माझ्या लेखाचं साल

आमच्या गावच्या कॉलेजातल्या ग्रंथपालाने मला फसवलं. श्रीवर्धनी सुपारीच्या रोगावरचा माझा लेख आधी नेटवर आला, दोन वर्षांनी छापून निघाला. मधल्या वर्षी त्याच रोगावर एका प्राध्यापकाचा लेख नेटवर आला. ग्रंथपालाने दोन्ही नोंदी वेगवेगळ्या डेटाबेसमधून कॉलेजच्या लेखांच्या यादीत ओढल्या. प्राध्यापकाला नेटवरचं साल लागलं, मला छपाईचं. यादी वाटून झाली आणि मी नक्कल करणारा ठरलो.

मी जाब विचारायला गेलो. हा ग्रंथपाल खिडकीतल्या समुद्राकडे बघत, झोपेत बोलावं तसं बोलतो. “शेठ, दोन्ही सालं खरीच हायत.” मी टेबलावर हात आपटला. त्याने सावकाश पडद्यावरची दोन्ही सालं पुसली. “घ्या, आता कोणीच आधी न्हाय.”

थोडा वेळ मीही लाटा बघत बसलो, राग कुठे गेला कळलं नाही. पण वाटलेल्या यादीत माझं साल तसंच आहे. माझ्याआधी प्राध्यापक कसा, हे ग्रंथपालाने यादी मिळालेल्या सगळ्यांना सांगावंच.