या, या... येतो, येतो

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही, त्यामुळे आठवणी वगैरे लिहायला घेताना हात अडखळतो. चुकलंमाकलं तर घरच्यांनी आणि माझ्यासारख्या इथे आलेल्यांनी सांभाळून घ्यावं. पण बातमीच अशी आहे की गप्प बसवत नाही.

जयसिंगपूरहून निघालो तेव्हा बाबांनी लाँड्री बंद ठेवली होती. गाडीत बसताना मी घाईत "जातो" म्हणालो. आईने गाडीचं दार धरून ठेवलं. "जातो म्हणू नये. येतो म्हण." मी तसं म्हटलं, तेव्हाच तिने दार सोडलं.

आता जर्मनीत, कोलोनमध्ये शिकायला राहतो. शेजारच्या खोलीत टोबियास. तो डिस्को संगीत करतो. वर्षानुवर्षं छोट्या बारमध्ये वाजवायचा; लोक बसून बिअर प्यायचे, नाचायला कोणी उठायचं नाही. शेवटी त्याने वडिलांना शब्द दिला होता: या उन्हाळ्यात लोक नाचले नाहीत, तर तुमच्या बेकरीत येईन.

एका रविवारी तो आमच्या किचनमध्ये बेस गिटार रेकॉर्ड करत होता. मध्येच वडिलांचा फोन आला आणि माईक चालूच राहिला. बेकरीचंच बोलणं असावं, तो नुसता "या, या" करत होता. जर्मनमध्ये 'हो'ला 'या' म्हणतात. त्याच वेळी मी माझ्या फोनवर आईला स्पीकरवर घेतलं होतं.

"कोण रे एवढं बोलावतंय?" मी सांगेपर्यंत तिने मोठ्याने उत्तरही दिलं, "येतो हो, येतो! दोघंही येतो!"

टोबियासने ते रेकॉर्डिंग ऐकलं आणि खुर्चीतून उठलाच. बेसवर त्याचं "या, या", त्यावर आईचं "येतो, येतो", गाणं तयार. आईची परवानगी घेतली, तर तिची एकच तक्रार: आधी सांगितलं असतं तर नीट आवाज काढला असता. बाबा मागून म्हणाले, "मी रोज ऐकतो, मला नाही कधी नाचावंसं वाटलं."

मग एका मोठ्या क्लबच्या डीजेने ते गाणं मागितलं. शुक्रवारी वाजणार होतं, आणि माझी नेमकी एर्लांगेनला स्टुडंट जॉबची मुलाखत. निघताना मी सवयीने "येतो" म्हणालो.

शनिवारी परतताना गाडीत नेटवर्क नव्हतं. खिडकीबाहेर बघत वाटत होतं, लाँड्रीतला इस्त्रीचा वास, आईची हाक, सगळं मागे राहिलं. टोबियास बेकरीत गेला आणि किचनमध्ये बेस वाजला नाही, तर इथेही आपलं म्हणावं असं काय उरेल?

फ्रँकफर्टला फोन वाजला. टोबियासचा व्हॉइस मेसेज. आधी गोंगाट, मग बेस, आणि मग अख्खा हॉल आईच्या मागून ओरडत होता, उच्चार मोडके, पण ठेक्यात: येतो, येतो! शेवटी त्याचा बसलेला आवाज. गाणं दोनदा लावावं लागलं, फ्लोअरवरून कोणी हलेना, बर्लिनहून बोलावणं आलंय. बेकरीत येत नाही, असं वडिलांना कळवलंय.

ते काय म्हणाले, तेही त्याने सांगितलं. नुसतं "या, या."

मी ते मराठीत ऐकलं.